माझा सीए-१२५ या रक्ताच्या टेस्टचा रिपोर्ट दाखवून मलाच फसवलं

ज्यांना एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, ओव्हरीवर वगैरे वाढतो तो आजार) आहे किंवा वर्षानुवर्षं ओटीपोट दुखतंय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, पैसे भरायच्या आधी वाचा.

माझं दुखणं दहावीपासूनचं. आधी पाळीतच दुखायचं, नंतर पाळी नसतानाही, संडासला बसलं की कळ, नवऱ्याजवळ जायची भीती, कळ मांडीपर्यंत उतरायची. आई म्हणायची लग्न झालं की थांबेल, सासूबाई म्हणाल्या मूल झालं की थांबेल. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल आली त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं मी नाटक करते. (एन्डो असूनही सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही.) शेवटी डाव्या ओव्हरीवर ४ सेमीची चॉकलेट सिस्ट (एन्डोमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सापडली आणि डॉक्टरांनी डायनोजेस्टची (एन्डो दाबून ठेवणारी हार्मोनची) गोळी रोज घ्यायला सांगितली.

गोळीने सुरुवातीला थोडं थोडं रक्त जात राहिलं, मी घाबरले, रात्री मोबाईलवर शोधत बसले आणि तिथेच ती "हार्मोन कोच" भेटली. फोनवर इतकं गोड बोलली, ताई ताई करत पाऊण तास ऐकून घेतलं, इतकं तर कुणी कधीच ऐकलं नव्हतं माझं, मी फोनवरच रडले. सहा महिन्यांत मुळापासून बरं, ऑपरेशन नाही, ४८ हजार. पैसे तिच्या पर्सनल खात्यावर, बिल नाही. पावडरच्या पाकिटांवर बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. आणि पहिली अट काय तर डॉक्टरांची गोळी बंद.

आता खरी चलाखी ऐका. तिने लगेच सीए-१२५ करायला लावली, म्हणाली पाळीच्या दुसऱ्या दिवशीच करा, तेव्हाच खरं कळतं. आला ११२. नॉर्मल ३५ च्या आत. दोन महिन्यांनी परत टेस्ट, या वेळी म्हणाली पाळी जाऊन आठवडा झाला की करा. आला ४१. मी तर देवापुढे साखर ठेवली. दुखणं वाढतच होतं पण ती म्हणायची शरीर घाण बाहेर टाकतंय, आकडा बघा ना ताई, आणि मी आकडा बघत राहिले.

सातव्या महिन्यात ऑफिसात चक्कर येऊन पडले. सिस्ट ७ सेमीची झाली होती, आतडं चिकटलेलं, लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीचं ऑपरेशन) करावी लागली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी दोन्ही रिपोर्ट बघून एकच विचारलं, त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता? पाळी चालू असताना सीए-१२५ तसाही वाढतो, एन्डोमध्ये तर जास्तच, आणि नंतर आपोआप उतरतो. औषध न घेता पण उतरला असता. या टेस्टवरून एन्डो आहे का नाही हेही ठरत नाही म्हणाल्या. मी तिथेच सुन्न झाले.

त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की हा आजार कायमचा घालवणारं औषध आज कुणाकडेच नाही, गोळ्यांनी दाबून ठेवता येतो, ऑपरेशननंतरही परत येऊ शकतो. पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे आजार औषधाने बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदीच आहे, हे मला ऑपरेशननंतर पडल्या पडल्या वाचताना कळलं.

पैसे मागितले तर "डाएट पाळलं नाही तुम्ही" म्हणून ब्लॉक केलं. मी १९१५ ला ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, उरलेली पाकिटं आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत, तुम्ही पण चॅट डिलीट करू नका.

आणि एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. ४१ आला तेव्हा मी आनंदाने दोन्ही रिपोर्ट तिच्या ग्रुपवर टाकायला परवानगी दिली होती. नाव खोडून तो ११२ आणि ४१ चा फोटो ती अजूनही नवीन बायकांना पाठवते. तुमच्याकडे आला असेल तर ती बाई मीच आहे, मी बरी झाले नव्हते.