अकरा स्क्रू आणि आठ जीबी

लॅपटॉपमध्ये जास्तीची रॅम (काम करताना लागणारी मेमरी) टाकली, तो अनुभव मी गेल्या जूनमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा मथळा होता 'पैसे पाण्यात' आणि रॅमला दिला होता एक तारा. तो अर्धवट मजकूर अजून तसाच पडून आहे. आज वाचताना लाज वाटते, कारण त्यात जिला शिव्या घातल्यात त्या रॅमचा काडीचाही दोष नव्हता. आता दहा महिने झालेत, शांत डोक्याने लिहितो. म्हणजे झाकणाचा विषय निघेपर्यंत शांत.

लॅपटॉप २०२० चा, लॉकडाऊनमध्ये मिळेल तो उचललेला. आठ जीबी रॅम, डीडीआर४ जातीची. ती बसवायच्या खाचा म्हणजे स्लॉट दोन, एक भरलेला, एक रिकामा. बाकीची माहिती देत नाही. त्या वर्षी चाळीस-पंचेचाळीस हजारांत सगळे एकाच साच्यातले मिळत होते. मी गिरगावात घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम करतो. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका आणि जुलैपासून दिवाळी अंक. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार म्हणून भाच्याने मे महिन्यातच ११ चढवून दिलं, आणि मशीनने मान टाकली. पानं लावायचं इनडिझाइन उघडायचं, शेजारी ब्राउझरचे चार टॅब, की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९२ टक्के. कर्सर फिरतोय तोवर मी चहा करून पिऊन यायचो. नवा लॅपटॉप साठ हजार, आठ जीबीची रॅम सोळाशे पन्नास. यात विचार करण्यासारखं काय होतं?

लॅमिंग्टन रोड घरापासून चालत पंधरा मिनिटं. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ ला गव्हर्नरकी सोडून गेला तरी दुकानदारांच्या तोंडून काही गेलेला नाही. जुनी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, काढून सोबतच नेली होती, हे एक शहाणपण. दुकानदाराने लेबल बघून ३२०० वेगाची दिली. जुनी २६६६ ची. दोन्ही एकत्र लावल्या की वेगवान जी असेल ती हळू चालणारीच्या चालीने चालते, बिघडत काही नाही.

आता झाकण.

माझ्या आधीच्या, २०११ च्या लॅपटॉपला पाठीमागे एक खिडकी होती. पत्त्याच्या पानाएवढी. दोन स्क्रू काढले की रॅम समोर. ती मी एकदा दूध उतू जायच्या आत बदलली आहे. या नव्या शहाण्यांनी ती खिडकी बुजवली. आता अख्खं खालचं झाकण काढायचं. अकरा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपवलेले, लांबी तीन प्रकारची. ते निघाले की कडेने जुनं एटीएम कार्ड सारत प्लॅस्टिकच्या खिट्ट्या सोडवायच्या. प्रत्येक खिट्टी 'कट्' करते आणि ती सुटली की तुटली हे तुम्हाला झाकण परत बसवतानाच कळतं. खिडकी काढून कंपनीचे वाचले असतील दोन रुपये.

तर पहिल्या संध्याकाळी भाच्याने रॅम बसवली. पडदा मिनिटभर काळा, माझा जीव वर-खाली. नवी रॅम टाकली की पहिल्यांदा मशीन जरा वेळ घेतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग चालू झाला आणि मेमरी दाखवली : आठ. पूर्वी होती तेवढीच. भाच्याने मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ बघितले, काय काय टिचक्या मारल्या, दोनदा बंद-चालू केला. आठ. "मामा, पीस खराब आहे," असा निकाल देऊन तो जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात. दुकानदाराने माझी स्टिक त्याच्या लॅपटॉपमध्ये लावली, दाखवली. चालत होती. "माल बराबर है अंकल, आपका स्लॉट गया." मी म्हटलं, परत घ्या. "फूटा हुआ पॅकेट वापस नहीं होता." मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर काढला. तो म्हणाला, "लगाओ ना अंकल, टोल फ्री है." माल खरंच चालत होता, त्यामुळे मी फोन खिशात ठेवला.

मग कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. तपासणीचे पाचशे अधिक जीएसटी, एकूण ५९०. दोन दिवसांनी कागद हातात : रॅम स्लॉट खराब, मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बदलावा लागेल, अंदाजे साडेएकोणीस हजार. सोळाशेच्या रॅमपायी साडेएकोणीस! मी लॅपटॉप उचलून घरी आणला. घरी येऊन मोजले तर स्क्रू दहा. अकरावा त्यांनी ठेवून घेतला होता. ५९० मध्ये स्क्रूची किंमत धरली होती की नाही, हे पावतीवर नव्हतं.

'पैसे पाण्यात' लिहायला घेतलं ते त्याच रात्री. दोन परिच्छेद झाल्यावर वाटलं, लिहितोय तर पुराव्यानिशी लिहू. झाकण परत उघडलं (कट्, कट्). आधी बॅटरीची वायर बोर्डापासून सोडवली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवलं. मग नवी स्टिक एकटीच जुन्या स्लॉटमध्ये घातली. चालू झाला, आठ. म्हणजे रॅम निर्दोष. मग जुनी, पाच वर्षं चाललेली स्टिक एकटीच नव्या स्लॉटमध्ये. पंखा फिरला, पडदा काळा. म्हणजे स्लॉट मेला. दुकानदार खरा, सर्व्हिस सेंटरही खरं. मी त्या दोघांची मनातल्या मनात माफी मागितली. घाई केली, हे पुढे कळलं.

छपाईतल्या माणसाकडे एक भिंग असतं, कागदावरचे रंगाचे ठिपके तपासायला. दहापट मोठं दाखवतं. बायकोला म्हटलं, जरा मोबाइलचा टॉर्च धर. "अहो, साडेअकरा वाजलेत," म्हणत तिने धरला. भिंगातून स्लॉट बघितला. स्टिकच्या सोनेरी दातांची रांग डाव्या बाजूला स्लॉटमध्ये पुरती गडप, आणि उजव्या टोकाला केसाएवढी सोनेरी रेघ बाहेर. तिरकी. दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या कड्या मात्र बसल्यासारख्या दिसत होत्या, म्हणून कुणाला शंका आली नाही. आणि त्या उजव्या टोकाशी काहीतरी काळं. रॅमवर एक पातळ काळं प्लॅस्टिक पांघरलेलं असतं, शॉर्ट होऊ नये म्हणून. त्याचा कोपरा दुमडून स्लॉटच्या तोंडात गेला होता. भाच्याने रॅम बसवली तेव्हा आत, मी बसवली तेव्हाही आत, सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बसवली असेल तर तेव्हाही आतच. स्लॉट धडधाकट होता, त्याच्या तोंडात बोळा होता.

बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने तो कोपरा ओढून काढला. स्टिक तीसेक अंशात तिरकी धरून दात दिसेनासे होईपर्यंत सारली, मग खाली दाबली. टक्, टक्. दोन्हीकडून. ती जुनी स्टिकही आपल्या जागी. एफ-२ दाबून बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) उघडलं : १६३८४ एमबी. रात्री पाऊणला मी घरात ओरडलो, शेजारच्या जोशीकाकूंनी भिंत वाजवली.

विंडोज उघडलं. सोळा जीबी, कंसात : वापरण्याजोगी ७.९.

इथे माणूस रडतो. मी मात्र पहिल्यांदाच डोकं चालवलं. बायोसला सोळा दिसतात म्हणजे स्लॉट, स्टिक, स्क्रू, झाकण यांचा संबंध संपला. आता अडवणारं विंडोजच. उलट बायोसमध्येच आठ दिसत असतील तर विंडोजमध्ये शंभर टिचक्या मारून उपयोग शून्य. एवढी एक गोष्ट पहिल्या संध्याकाळी केली असती तर माझे ५९० आणि एक स्क्रू वाचला असता. भाच्याला फोन लावला. झोपेतून उठून त्याने कबूल केलं की व्हिडिओ बघून एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे 'मॅक्झिमम मेमरी'वर खूण केली होती. नावावरून वाटतं की जास्तीत जास्त मेमरी वापरा असं सांगतोय. प्रत्यक्षात ती मर्यादा आहे : याहून जास्त वापरू नकोस. त्या चौकटीत ८१९२ आकडा होता. खूण काढली, रीस्टार्ट केलं. शट डाउन नव्हे, रीस्टार्टच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून झोपतं आणि सकाळी तोच परत काढतं. सोळा, वापरण्याजोगी १५.८. उरलेली थोडी आतल्या ग्राफिक्सने घेतलेली, ती तेवढी जाणारच.

म्हणून एक तारा रद्द. जून-जुलै स्वर्ग. मग गणपतीच्या आठवडाभर आधी, बाहेर धो-धो, अंकाच्या जाहिराती लावतोय आणि मशीन पुन्हा पेंगतंय. बघतो तर आठ. बायोसमध्येही आठ. झाकण (कट्, आणि या वेळी एक खिट्टी खरोखर तुटली). स्टिक काढली तर सोनेरी दातांवर मळकट झाक. गिरगावातली खारी दमट हवा. पावसाळ्यात आमच्या कपाटातल्या पितळेच्या समया काळवंडतात, हे दात किती टिकणार. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच घासले, तेही टेबलावर, लॅपटॉपवर धरून नाही, नाहीतर रबराचा चुरा स्लॉटमध्ये. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. स्लॉटमध्ये रबर जात नाही. तो बिचारा पाच वर्षं रिकामा, उघडा राहिलेला. तिथे स्टिक पाच-सहा वेळा आत-बाहेर केली, म्हणजे आतल्या स्प्रिंगा आपोआप घासल्या जातात. सोळा आले. सप्टेंबरमध्ये एकदा पुन्हा तेच केलं. त्यानंतर आजपर्यंत नाही. खात्रीसाठी रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून ठेवलं, चार फेऱ्या, एकही चूक नाही.

कामात फरक काय? लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ, ते एसएसडीवर, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कवर असतं. पण २०८ पानी दिवाळी अंकाची पीडीएफ काढायला आधी दहा मिनिटं लागायची, आता चारच्या आत. फॉन्टचा मेनू उघडताना लॅपटॉप दम खात नाही. मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास. नवा लॅपटॉप घ्यायचा विषय दोन वर्षं तरी पुढे गेला.

आणि डिसेंबरमध्ये भाच्यासाठी हीच स्टिक घ्यायला त्याच दुकानात गेलो. भाव पाच हजार! एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल ओढून घेतला, म्हणून सगळीकडे भाव भडकले होते. दुकानदार हसून म्हणाला, "अंकल, आपका वो वाला वापस देना है क्या?" सहा महिन्यांत तिप्पट, माझ्या बँकेतल्या एफडीला हे साधलेलं नाही. रॅमला पाच तारे.

लॅपटॉपला दोन. आतापर्यंत झाकण नऊ वेळा उघडलंय, तीन खिट्ट्या गेल्या, उजवा कोपरा नखभर उचललेला राहतो. दिवाळीत त्या फटीतून मुंग्यांची रांग आत जाताना बघितली. फराळ मी कीबोर्डवर खातो हे मान्य, पण खिडकी असती तर ही फट पडली नसती. सध्या कोपऱ्याला सेलोटेप लावली आहे. गेल्या आठवड्यात हरवलेल्या अकराव्या स्क्रूसाठी लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एम-२, चार मिलिमीटर. सुटा कुणी देत नाही, शंभरचं पाकीट दीडशे रुपयांना. घेतलं. नव्याण्णव शिल्लक आहेत. गिरगाव, ठाकूरद्वार, चर्नी रोड भागात कुणाला हवे असतील तर कळवा, दोन रुपयाला एक.