निर्वातातून वीज काढणारं यंत्र: पैसे देण्याआधी हे वाचा

निर्वातातून वीज काढणाऱ्या यंत्राच्या नावाखाली माझे पैसे लुबाडले गेले. यंत्र हाती आलं, पण फुकटची वीज काही आली नाही. पैसे परत मागितले तेव्हा करारातलं एक कलम पुढे करण्यात आलं: भरलेली रक्कम म्हणजे ‘संशोधनासाठी योगदान’. तेच यंत्र आता दुसऱ्या नावानं विकलं जातंय, म्हणून हे लिहितोय.

विकणारा थापा मारतोय असं ऐकताना वाटत नाही, कारण त्याचं अर्धं बोलणं खरं असतं. निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील, असं डच भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ मध्ये मांडलं. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी हे बल प्रयोगानं नेमकं मोजलं. निर्वातही पूर्ण शांत नसतो, आणि मला हे आजही भौतिकशास्त्रातलं सगळ्यात सुंदर सत्य वाटतं. फसवणूक पुढच्या वाक्यात होते: ‘तिथे ऊर्जा आहे, मग ती काढून घेऊ.’ शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे निर्वातातही उरणारी किमान ऊर्जा, ही सगळ्यात खालची पायरी. तिच्याखाली उतरायला जागाच नाही, मग ऊर्जा सुटणार कुठून? पट्ट्या जवळ येताना थोडं काम मिळतं, पण त्यांना परत दूर करायला निदान तेवढंच खर्च होतं.

त्यात काळाची भर घातली होती. प्लांक काळाच्या, म्हणजे काळाच्या सर्वांत सूक्ष्म मापाच्या लयीत आमचं यंत्र कंप पावतं, १ वर ४३ शून्यं इतक्या हर्ट्झवर, आणि काळाच्या प्रवाहातून ऊर्जा उचलतं, असा दावा. इथे एक गुणाकार पुरतो. वारंवारतेला प्लांक स्थिरांकानं (भौतिकशास्त्रातल्या एका ठरलेल्या, अतिशय छोट्या संख्येनं) गुणलं की अशा एकाच फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा सुमारे ६.६ अब्ज ज्यूल येते. यंत्रातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी पूर्ण भरली तरी साधारण ३ लाख ज्यूल साठवते. म्हणजे एका फोटॉनसाठी अशा वीस हजारांहून जास्त बॅटऱ्या हव्यात.

खरी हातचलाखी मोजमापात होती. साधा मल्टिमीटर ५०-६० हर्ट्झच्या साइन लाटेसाठी बनवलेला असतो. उच्च वारंवारतेच्या टोकदार स्पंदांवर तो भलतेच आकडे दाखवतो. शिवाय व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे मोजून नुसते गुणले, दोन्हींच्या कलेतला (फेजमधला) फरक, म्हणजे त्यांच्या लाटा एकमेकींच्या पुढेमागे असणं, धरलाच नाही, की कागदावर वीज वाढलेली दिसते. प्रात्यक्षिकात हेच केलं होतं. मी बाहेर येणाऱ्या विजेवर पाणी तापवून पाहिलं, कारण पाणी किती तापलं यात लाटेच्या आकाराचा घोळ नसतो. बॅटरीतून जेवढी ऊर्जा गेली, त्याहून कमीच उष्णता पाण्यात उतरली. मग यंत्रातून बाहेर येणारी वीज परत त्याच्यातच जोडून बॅटरी काढली, तर यंत्र तिथल्या तिथे बंद पडलं. यावर उत्तर आलं: ‘तुमच्याकडचं काळक्षेत्र अजून जुळलेलं नाही.’ ते जुळवायला आणखी एक भाग, आणखी पैसे.

कुणी असं यंत्र दाखवलं तर मीटरच्या आकड्यांवर वाद घालू नका. बॅटरी काढून, तुमच्या जागेत, रात्रभर चालवून दाखवायला सांगा. पैसे आधीच दिले असतील तर पावत्या, संदेश आणि प्रात्यक्षिकाचे व्हिडिओ जपून ठेवा, बँकेला लगेच कळवा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. ‘जुळवणी’साठी मागितलेला पुढचा हप्ता मात्र भरू नका.