टी-लाईट घेताना वास नंतर घ्या, आधी वजन करा

दिवाळी जवळ आली की सांगलीच्या गणपती पेठेत काय किंवा साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास काय, पन्नास-पन्नास नगांच्या टी-लाईटच्या, म्हणजे छोट्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्यांच्या, पिशव्या मांडलेल्या दिसतात. वरून सगळ्या सारख्याच, पण भावात बराच फरक. हा फरक बहुतेक वेळा मेणाच्या जातीचा नसतो, मेणाच्या वजनाचा असतो.

नेहमीच्या टी-लाईटचा व्यास ३८ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तिच्यात १२ ते १४ ग्रॅम मेण बसतं. वात नीट असेल तर तासाला साधारण ३ ग्रॅम मेण जळतं, म्हणजे चार तास निघतात. हलक्या मालात मेण ८-९ ग्रॅमच असतं. वाटी तेवढीच, पण मेण काठाच्या बरंच खाली. अशी टी-लाईट अडीच-तीन तासांत विझते, पिशवीवर काहीही छापलेलं असो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा नग एकदम ठेवून बघा. अ‍ॅल्युमिनियमची वाटी जेमतेम एखाद्या ग्रॅमची असते, त्यामुळे दहा नग १३० ग्रॅमच्या पुढे-मागे भरले तर माल चांगला. ९०-९५ भरले तर भाव त्याच हिशेबाने द्यायचा. समजा ५० नग २०० रुपयांना मिळाले आणि प्रत्येक चार तास चालला, तर तासाला एक रुपया पडला. शेजारची १५० रुपयांची पिशवी अडीच तासच चालत असेल तर तिचा तास एक रुपया वीस पैशांना पडतो. स्वस्तातली पिशवी महाग निघते ती अशी.

दुसरी गोष्ट वातीची, आणि ती बघायची असेल तर एक टी-लाईट वाटीतून बाहेर काढावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीतून मेणाची चकती सहसा अलगद सुटते. खालच्या बाजूला पत्र्याची छोटी चकती दिसेल. वात तिच्यात रोवलेली असते. या चकतीला मध्यभागी बारीक नळी असेल तर बनवणाऱ्याला काम कळतं असं समजा. मेण संपत आलं की ज्योत नळीच्या तोंडाशी येते, तिला मेण मिळेनासं होतं आणि ती आपोआप विझते. तळाला थोडं मेण उरतं, ते उरायलाच हवं. चकती सपाट असेल तर ज्योत थेट तळापर्यंत उतरते, वाटी भाजून निघते आणि खाली टेबल असेल तर त्यावर काळा गोल उमटतो. वात अगदी मधोमध हवी. बाजूला सरकलेली वात वाटीच्या एका कडेला तापवते आणि दुसऱ्या कडेचं मेण तसंच राहतं.

मशीनवर मेणाची भुकटी दाबून केलेल्या टी-लाईटचा पृष्ठभाग किंचित रवाळ असतो आणि कडेचे कण पिशवीच्या तळाशी सांडलेले सापडतात. मेण ओतून केलेल्या गुळगुळीत असतात आणि मध्ये थोडा खळगा पडतो. खळगा म्हणजे दोष नव्हे, पॅराफिन, म्हणजे नेहमीचं मेण, थंड होताना आकसतंच. दोन्ही प्रकार चालतात. दाबलेल्या मालात वात ढिली नाही ना, एवढं मात्र हलकेच ओढून बघा.

मेणाच्या जातीबद्दल दुकानात बरंच काही सांगितलं जातं. पॅराफिन हे पेट्रोलियमपासून मिळतं, स्वस्त आहे, आणि टी-लाईटला वापरतात ते साधारण ५८-६० अंश सेल्सिअसला वितळतं. सोया मेण वनस्पतीचं, मऊ, आणि ४५ ते ५० अंशांच्या आसपासच ढिलं होतं. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेल्या सोयाच्या टी-लाईट एका बाजूला कललेल्या आणि वात बुडालेल्या अवस्थेत हातात पडू शकतात. सोया हवंच असेल तर पावसाळा संपल्यावर घ्या. तिच्यावर पांढुरके डाग दिसले तर माल जुना आहे असं समजू नका, सोया मेणाला ते येतातच. ‘सोया म्हणजे काजळी नाहीच’ हे मात्र ऐकून सोडून द्या. काजळी धरते ती लांब वातीने आणि वाऱ्याने, मग मेण कुठलंही असो.

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात टिकाऊ तेच. सातारकरांना ते परकं नाही. महाबळेश्वरचा मध सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पण हे मेण महाग आणि चिवट. त्याला जाड वात लागते. पॅराफिनची बारीक वात यात घातली तर ज्योत मिणमिणते आणि थोड्या वेळात बुडून विझते. घरी करून विकणाऱ्यांच्या मालात हाच दोष जास्त सापडतो, म्हणून आधी दोन नग घ्या, जाळून बघा, मग पन्नासाची ऑर्डर द्या. रोजच्या वापराला हे मेण परवडणारं नाही. पाहुण्यांपुढे एखाद्या संध्याकाळी लावायला मात्र फार सुरेख.

जेलच्या टी-लाईट घेऊ नका. मूळ माल खनिज तेलाचाच, आत शोभेचे मणी आणि चमकी, आणि पेटली की ज्योत आवरत नाही.

वाटी अ‍ॅल्युमिनियमची की पारदर्शक प्लास्टिकची, हे कुठे लावणार यावर ठरवा. टी-लाईटमधलं सगळं मेण पाण्यासारखं पातळ होतं, म्हणून वाटीशिवाय ती चालतच नाही. पारदर्शक वाटीतून उजेड बाजूनेही पडतो, त्यामुळे रांगोळीत आणि काचेच्या उरळीत, म्हणजे पसरट भांड्यात, ती छान दिसते. अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीचा उजेड वरच पडतो, खाली गोल सावली राहते. पण सुगंधी तेलाच्या दिव्यात, म्हणजे वर पाण्याची वाटी आणि खाली ज्योत अशा बंदिस्त जागेत, अ‍ॅल्युमिनियमच हवं. तिथे हलक्या प्लास्टिकची वाटी वाकते. त्या दिव्यात टी-लाईट बिनवासाची ठेवा, पाण्यात तेलाचे चार-पाच थेंब पुरे. लहान वाटीतलं पाणी मेण संपायच्या आधीच आटतं, म्हणून तासाभराने बघून पाणी घाला. तेही कोमट घाला, कारण तापलेल्या चिनी मातीवर गार पाणी पडलं की तडा जातो.

सुगंधी टी-लाईटचा वास पेटवण्याआधी जितका येतो तितका पेटवल्यावर येत नाही. वरच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब सुटलेले दिसले तर अत्तर जास्त झालंय. ती धूर करते. जेवणाच्या टेबलावर वासाची लावू नये. मोगऱ्याच्या वासात आमटीचा वास हरवतो.

देवघराचं वेगळं बोलायला हवं. तासाला ३ ग्रॅम मेण जळतं म्हणजे एक टी-लाईट साधारण ३५ वॉटची उष्णता सोडते. लाकडी देव्हाऱ्याच्या बुटक्या छताखाली ती चार तास ठेवली तर वरचा सनमायका फुगतो. आणि टी-लाईटला हळद-कुंकू वाहू नका. पूड वितळलेल्या मेणात उतरते, वातीत शिरते, ज्योत बारीक होते. झेंडूची पाकळी किंवा जळक्या काडीचा तुकडा आत पडला तर उलटं होतं. तो दुसऱ्या वातीसारखा पेटतो आणि ज्योत दुप्पट होते. रांगोळीत ठेवायची असेल तर रांगोळी आधी पूर्ण करा, टी-लाईट नंतर ठेवा. दोन टी-लाईटमध्ये निदान चार इंच सोडा. ताटात पंचवीस-तीस खेटून मांडल्या की एकमेकींना तापवतात, मेणाची वाफ होते आणि सगळं ताट एकदम पेट घेऊ शकतं. तसं झालंच तर पाणी मारू नका, पेटत्या मेणावर पाणी पडलं की आगीचा भडका उडतो. वरून मोठं पातेलं पालथं घाला.

वात पेटवण्याआधी सरळ करा आणि ५ मिलिमीटरवर कापा. विझवताना फुंकर मारली तर मेण उडतं. चिमट्याने वात क्षणभर मेणात बुडवून पुन्हा उभी करा, धूरही होत नाही. मेण पातळ असेपर्यंत जागेवरून हलवू नका.

त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटावर सोडायला टी-लाईट घेणारे वाढलेत. धातूची वाटी नदीत जाते, ती तिथेच राहते. द्रोणात कणकेचा दिवा ठेवा.

बॅटरीच्या टी-लाईटला उष्णता नाही, म्हणून पडद्याजवळ, कागदी आकाशकंदिलात आणि लहान मुलं, मांजरं असलेल्या घरात त्याच घ्या. गॅलरीतल्या वाऱ्यातही त्याच टिकतात. बहुतेकींत सीआर २०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी असते, साधारण २२० मिलिअँपिअर-तासांची. दिव्याने ५ मिलिअँपिअर घेतले तर हिशेबाने ४४ तास, पण शेवटचे बरेच तास उजेड नावालाच. पिवळसर उजेडाच्या घ्या, निळसर पांढऱ्या दिवाणखान्यात दवाखान्यासारख्या दिसतात. पाण्यात टाकल्यावर लागणाऱ्या प्रकाराला तळाशी धातूचे दोन ठिपके असतात. वापरून झाल्यावर ते कोरडे पुसले नाहीत तर पिशवीतसुद्धा दिवा लागलेला राहतो. बॅटरीचं झाकण स्क्रूचं नसेल तर घेऊच नका. ही बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

मेण शहाबादी फरशीवर सांडलं तर ओलं असताना पुसू नका, फरशी ते पिऊन घेते. बर्फाचा खडा फिरवा, कडक झालं की जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. उरलेल्या डागावर साधा टिश्यू पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवा. वर्तमानपत्र ठेवलं तर शाई उतरते. आणि वितळलेलं मेण सिंकमध्ये कधीच ओतू नका, पाइपात जाऊन ते गोठतं.