लोअर आर्म ‘बदलला’, बोल्ट उघडलाच नाही

गॅरेजवाल्याने जुना पार्ट हातात दिला की नवा बसवला असं आपण धरून चालतो. वडोदऱ्यातल्या एका गॅरेजने आम्हाला नेमकं इथेच गंडवलं.

गाडी २०१० ची आय-टेन. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ती कारेलीबागेत मावशीकडे चाकभर पाण्यात उभी होती. पुढे खड्ड्यातून जाताना डावीकडून खट्खट् ऐकू यायला लागली, ब्रेक मारला की स्टिअरिंग ओढायचं, पुढचे टायर आतल्या कडेने झिजले. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. त्याचे रबरी बुश (सांगाड्याकडच्या टोकाच्या गाद्या) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) गेल्याची ही लक्षणं. इतक्या जुन्या गाडीत त्याचं नवल नाही, म्हणून मेकॅनिकने दोन्ही आर्म बदलायला सांगितले ते पटलं. संध्याकाळी डिकीत दोन गंजके आर्म, साडेसात हजारांचं कच्चं बिल आणि वर “बधुं नवुं नाख्युं छे, साहेब!”

आवाज जशास तसा. विचारलं तर म्हणे, नवं रबर आहे, बसायला वेळ लागतो. (रबर काय नवी चप्पल आहे?)

उलगडा झाला तो अलाइनमेंटच्या दुकानात. तिथले काका पिटमध्ये उतरले आणि त्यांनी मलाही खाली बोलावलं. आर्म काळाकुळकुळीत चमकत होता, पण तोच रंग बोल्टच्या डोक्यावरून आर्मवर सलग उतरला होता. बोल्टला पाना लागला की रंगाची कड तुटते; इथे चराही नव्हता. पेट्रोलचं फडकं फिरवल्यावर खालचा गंज दिसला, बुशच्या भेगाही. जागच्या जागी स्प्रे मारला होता. डिकीतले आर्म लावून पाहिले तर बोल्टची भोकं जुळेनात, कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे!

याच गाडीतून आम्ही आईला घेऊन पावागडला जाणार होतो. हायवेवर बॉल जॉइंट निसटला तर चाक मुडपतं आणि गाडी हातात राहत नाही.

आता मी गाडी देण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागून आर्मचे फोटो काढतो. बोल्टपासून शेजारच्या पत्र्यापर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची एक रेघही ओढतो. बोल्ट फिरला तर रेघ मोडणारच. नव्या पार्टचा खोका पार्ट नंबरसकट मागून घेतो. बुशचा बोल्ट शेवटी आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेली असताना आवळला तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे विचारलं की मेकॅनिक जरा जपून वागतो, असा माझा अनुभव.

पक्कं बिल द्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. हे सांगून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढलं, तेव्हा गॅरेजवाल्याने चार हजार परत केले. उरलेल्या पैशांसाठी तक्रार नोंदवली आहे.