छापखान्यातील जुन्या फ्लॉप्या आणि लिनक्सचा एचएफएस ड्रायव्हर

लातूरच्या आमच्या छापखान्यात जुन्या मॅकिंटॉशवर जुळवलेल्या दिवाळी अंकांच्या फाइली ज्या फ्लॉप्यांत अडकून पडल्या होत्या, त्या मला लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या कर्नलमधील, म्हणजे गाभ्यातील, एचएफएस ड्रायव्हरमुळे परत मिळाल्या, याचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे. एचएफएस ही ॲपलने १९८५ मध्ये आणलेली फाइल सिस्टीम, म्हणजे चकतीवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत; ती वाचणे खुद्द ॲपलनेच मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून बंद केले.

१.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये घालून मी आधी लिनक्सच्या ‘डीडी’ या आज्ञेने तिची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली फाइल, काढली आणि ती ‘लूप’ व ‘आरओ’ पर्याय देऊन, म्हणजे केवळ वाचनासाठी, माउंट केली (चकतीसारखी जोडून उघडली); मूळ चकतीला धक्का लागू नये म्हणून एवढी काळजी घ्यावीच. ८०० केबीच्या फ्लॉप्या मात्र वाचल्या गेल्या नाहीत, कारण मॅकचा ड्राइव्ह त्या फिरवण्याचा वेग बदलत असे आणि साध्या ड्राइव्हला ते जमत नाही. हा दोष ड्रायव्हरचा नव्हे.

खरी अडचण फाँटची आली. जुन्या मॅकचे फाँट फाइलच्या ‘रिसोर्स फोर्क’ या दुसऱ्या भागात असल्याने, फक्त पहिला भाग उतरवणाऱ्या साध्या ‘सीपी’ या नकलेच्या आज्ञेने उतरवलेली फाँटची फाइल शून्य बाइटची निघाली. तेथे ‘एचएफएसयूटिल्स’ या साधनसंचातील ‘एचकॉपी’ ही आज्ञा मॅकबायनरी पद्धतीने, म्हणजे फाइलचे दोन्ही भाग एकाच फाइलमध्ये बांधून, वापरल्यावर दोन्ही भाग एकत्र उतरले.