फूबार २००० आणि स्क्रीन रीडर: गाण्यांचा पसारा स्वतःच आवरायचा असेल तर

फूबार हे विंडोजवरचं गाण्यांचं प्लेअर दिसायला कसं आहे ते मला माहीत नाही, डोळस मित्र म्हणतात की अगदीच रुक्ष आहे, काही रंग नाही रूप नाही, आणि माझ्या मते तेच आपल्या पथ्यावर पडलंय. कारण ज्या ज्या प्लेअरला लोक "वा काय देखणा आहे" म्हणतात तो स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं बोलून दाखवणारा आपल्यासारख्या अंधांचा प्रोग्राम) उघडला की "बटण, बटण, बटण, अनलेबल्ड ग्राफिक" एवढंच ऐकू येतं. फूबारमधे विंडोजचे साधे मेनू, साध्या लिस्ट, साधे डायलॉग. पीटर पावलोव्स्की नावाच्या प्रोग्रामरने २००२ साली हे पहिल्यांदा लोकांना दिलं, त्याआधी तो विनॅम्प या जुन्या प्लेअरवाल्यांसाठी काम करायचा. फुकट आहे, आणि अजून चालू आहे, नवी व्हर्जनं येत असतात.

आता गाणं वाजवायला फूबारच कशाला पाहिजे, कुठलंही प्लेअर वाजवेल, एंटर मारला की झालं. माझा प्रश्न वाजवण्याचा नाहीच, सांभाळण्याचा आहे. वर्षानुवर्षं जमवलेल्या फायली, कुठून कुठून आलेल्या, निम्म्यांची नावं "ट्रॅक झिरो वन", निम्म्यांचा कलाकार "अननोन आर्टिस्ट", एकच अल्बम तीन फोल्डरात, हे सगळं कुणाला "अरे जरा बघून सांग ना" न म्हणता लावता आलं पाहिजे. डोळस माणूस बसून लावून देतो पण तो त्याच्या डोळ्यांना सोयीचं लावतो, आणि पुढच्या वेळी काही हवं असलं की परत त्यालाच फोन. त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त तेवढ्याच अंगाने आहे, आवाजाची क्वालिटी वगैरेवर वाद घालणाऱ्यांनी दुसरीकडे जावं. माझा सेटअप म्हणजे विंडोज, एनव्हीडीए हा फुकटचा स्क्रीन रीडर, फूबार, आणि जोडीला एमपीथ्रीटॅग, म्हणजे टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याचं नाव, कलाकार वगैरे माहिती) भरायचा प्रोग्राम.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. डोळे असलेला माणूस लिस्ट एका नजरेत बघतो, कुठला कॉलम आधी आहे न् कुठला नंतर याने त्याला फारसा फरक पडत नाही. आपल्याला प्रत्येक ओळ डावीकडून सुरू करून ऐकावी लागते. म्हणजे ओळ जर कलाकार, अल्बम, ट्रॅक नंबर आणि मग शेवटी गाण्याचं नाव अशी असेल तर प्रत्येक बाणाला तेच कलाकाराचं नाव, तोच अल्बम, तोच अल्बम, असं ऐकून डोकं उठतं, आणि जे हवंय ते शेवटी येतं. फूबारमधे हा क्रम आपल्या हातात आहे. पहिल्यांदा उघडल्यावर क्विक अपिअरन्स सेटअप म्हणून एक डायलॉग येतो, तिथे चित्रांच्या भानगडी नसलेला सगळ्यात साधा लेआउट आणि ग्रुप नसलेली प्लेलिस्ट निवडायची. मग प्रेफरन्सेसमधे (कंट्रोल पी) डिस्प्लेखाली डिफॉल्ट यूजर इंटरफेस, त्यात प्लेलिस्ट व्ह्यू, तिथे कस्टम कॉलम. यात एकच कॉलम बनवता येतो ज्यात आधी गाण्याचं नाव, मग कलाकार, मग किती लांबीचं आहे ते. लिहायची पद्धत सोपी, टॅगचं इंग्रजी नाव दोन पर्सेंट चिन्हांच्या मधे टाकायचं, टायटलसाठी टायटल, आर्टिस्टसाठी आर्टिस्ट, मधे हवं तर डॅश. आता खाली बाण दाबला की पहिला शब्दच गाण्याचा, नको असेल तर लगेच पुढचा बाण. एवढ्या एका बदलाने लिस्टमधून फिरायचा वेग कुठल्या कुठे जातो.

हीच पद्धत फाइलच्या नावालाही चालते. फाइल सिलेक्ट करून मेनूत फाइल ऑपरेशन्स, त्यात रिनेम. पॅटर्न लिहिला की खाली प्रिव्ह्यू लिस्ट येते, जुनं नाव आणि होणारं नाव, बाणाने ऐकून खात्री करायची आणि मगच रन. फोल्डरात फायली गाण्याच्या नावाने सुरू होत असतील तर विंडोज एक्सप्लोररमधे पहिली दोन अक्षरं टाइप केली की थेट तिथे उडी. सगळ्यांची सुरुवात शून्य एक, शून्य दोनने असेल तर ही उडी वाया. अल्बमचा क्रम बिघडेल का? नाही, कारण क्रम ट्रॅक नंबरच्या टॅगमधे बसलेला असतो आणि फूबार त्यावर सॉर्ट करतं. फक्त काही छोटे पेनड्राइव्हवाले प्लेअर फाइलच्या नावावरूनच क्रम लावतात, त्यांच्यासाठी त्याच मेनूतलं कॉपी वापरायचं आणि तिथे पॅटर्नमधे नंबर पुढे ठेवायचा. मूळ फायली तशाच राहतात, पेनड्राइव्हवर नंबरवाल्या जातात.

शोधाचं प्रकरण तर मला सगळ्यात आवडतं. मीडिया लायब्ररीत गाण्यांचं फोल्डर एकदा जोडलं की सर्चमधे नुसतं नावच टाकायचं असं नाही, बारकी वाक्यं पण चालतात. आर्टिस्ट मिसिंग असे दोन इंग्रजी शब्द टाकले की ज्या फायलींना कलाकाराचा टॅगच नाही त्या सगळ्या समोर. म्हणजे घाण कुठे आहे ते शोधायला हजारो ओळी ऐकत बसायला नको! आणि असा सर्च ऑटोप्लेलिस्ट म्हणून सेव्ह करता येतो, मग नवीन टॅग नसलेली फाइल आली की ती आपोआप त्या यादीत, टॅग भरला की आपोआप बाहेर. मी ती यादी कायम ठेवतो, रिकामी झाली की समजायचं घर झाडून झालं.

टॅग भरायचं काम फूबारमधेही होतं, ऑल्ट एंटर दाबला की प्रॉपर्टीज उघडतात, पण ढिगाने काम असेल तर एमपीथ्रीटॅग बरं. डावीकडच्या पॅनलमधे टायटल, आर्टिस्ट, अल्बम असे रकाने टॅबने मिळतात, बऱ्याच फायली एकदम सिलेक्ट असतील तर रकान्यात "कीप" ऐकू येतं, म्हणजे याला हात लावू नको, प्रत्येकाचं आपापलं राहू दे. फक्त अल्बमच्या रकान्यात नाव टाइप करायचं, कंट्रोल एस, अख्ख्या अल्बमला नाव लागलं. फाइलच्या नावात माहिती आहे पण टॅग रिकामे असं असेल तर ऑल्ट दोन, उलट असेल तर ऑल्ट एक. चुकीचं गेलं तर कंट्रोल झेड आहेच.

देवनागरी टॅगचं थोडं सविस्तर सांगायला पाहिजे कारण इथेच बरेच जण हात टेकतात. एमपीथ्रीचा जुना आयडीथ्री टॅग १९९६ चा, फाइलच्या शेपटीला १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला मोजून ३० बाइट. त्यात देवनागरी नीट बसायचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या टॅगमधे युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) आलं आणि फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता आकसलेल्या) फायलींचे टॅग तर मुळातच यूटीएफ एट, म्हणजे युनिकोडच. तर गाण्याचं नाव वाचताना एनव्हीडीए "क्वेश्चन मार्क, क्वेश्चन मार्क" असं बडबडायला लागलं तर दर वेळी दोष स्क्रीन रीडरचा नसतो, टॅग भरतानाच अक्षरं मेलेली असू शकतात, आणि मेलेली अक्षरं परत येत नाहीत, नव्याने टाइप करावं लागतं. एमपीथ्रीटॅगच्या ऑप्शन्समधे कुठल्या प्रकारचे टॅग लिहायचे ते ठरवता येतं, तिथे युनिकोडवाला प्रकार आहे याची एकदा खात्री करून घ्या. ईस्पीकमधे (एनव्हीडीएसोबत येणारं बोलणारं इंजिन) मराठी आवाज आहे, गोड नाही पण शब्द कळतो.

आता आवाजाची भांडणं. डोळसांना ही अडचण कळतच नाही, की गाणं आणि बोलणारा स्क्रीन रीडर हे दोघं एकाच वाटेने कानात येतात. एखादं गाणं हळू, पुढचं एकदम दणदणीत, की एनव्हीडीए बुडालं, आणि आवाज कमी करायची कळ दाबली तरी ती लागली की नाही ते ऐकू येत नाही. यावर रिप्लेगेन हा उपाय आहे, फूबार फायली स्कॅन करून प्रत्येकीचा आवाज किती वर किंवा खाली करायचा तो आकडा टॅगमधे लिहून ठेवतं, मूळ आवाजाला धक्का लावत नाही. सगळी गाणी एका पातळीवर आली की स्क्रीन रीडरचा आवाज एकदा बसवला तो बसला. लोक रिप्लेगेनला चैन समजतात, आपल्यासाठी ती गरज आहे.

त्याशिवाय एनव्हीडीएचं ऑडिओ डकिंग आहे (एनव्हीडीए शिफ्ट डी), बोलताना गाणं खाली जातं. मला ते सारखं वर खाली होणं सहन होत नाही, गाणं ऐकतोय की लिफ्टमधे बसलोय असं वाटतं. २०२४.२ पासून साउंड स्प्लिट पण आलंय, स्क्रीन रीडर एका कानात आणि बाकी सगळं दुसऱ्या कानात, फायली आवरताना छान, मन लावून ऐकताना मात्र बंद करा, अर्ध्या कानाने गाणं कसलं ऐकताय. सगळ्यात उत्तम म्हणजे दोन वेगळी साउंड डिव्हाइस असतील तर फूबारच्या प्लेबॅकखाली आउटपुटमधे गाणी स्पीकरला द्यायची आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमधे बोलणं हेडफोनला. याच आउटपुटच्या यादीत काही नावांपुढे "एक्सक्लुझिव्ह" ऐकू येईल. तिकडे जाऊ नका. त्या मोडमधे फूबार ते डिव्हाइस एकट्याने ताब्यात घेतं, बाकी सगळ्यांचा आवाज बंद, आणि एनव्हीडीए त्याच डिव्हाइसवर असेल तर गाणं सुरू होताच स्क्रीन रीडर गप्प. क्वालिटीच्या नादाने हा सल्ला देणारे सगळे डोळस असतात, त्यांना काय.

कीबोर्डच्या बाबतीत एनव्हीडीएने फूबारची खास दखल घेतलीय. कंट्रोल शिफ्ट आर दाबलं की गाणं किती उरलं, कंट्रोल शिफ्ट ई म्हणजे किती झालं, कंट्रोल शिफ्ट टी म्हणजे एकूण लांबी. एकच अट, फूबारच्या स्टेटस लाइनचा फॉरमॅट मूळचा तसाच ठेवायचा, एनव्हीडीए तो वाचूनच सांगतं. बाकी कळा प्रेफरन्सेसमधल्या कीबोर्ड शॉर्टकट्समधे आपण नेमायच्या. जुने विनॅम्पवाले झेड एक्स सी व्ही बी वर बोटं ठेवून बसायचे, त्यांनी तेच इथे लावून घ्या. ग्लोबल हॉटकी टिक केली की दुसऱ्या प्रोग्राममधे टाइप करतानाही गाणं बदलता येतं. नेक्स्टसाठी कंट्रोल ऑल्ट एन सगळ्यांना सुचतं, पण ती एनव्हीडीए सुरू करायची कळ आहे, स्क्रीन रीडर बंद पडला तर तीच वाचवते, म्हणून ती सोडून काहीही घ्या.

सीडी उतरवायची सोय आहे, अॅक्युरेटरिपशी पडताळून बघतं (ती इतरांनी उतरवलेल्या सीडींच्या नोंदींची यादी), एन्कोडर पॅक (हव्या त्या प्रकारची फाइल बनवणारे प्रोग्राम) तेवढा वेगळा डाउनलोड करावा लागतो. जागा असेल तर फ्लॅकमधे उतरवा, साधारण मूळच्या निम्म्या जागेत बसतं आणि काही हरवत नाही.

आता उणं काय ते. सुरुवात जड आहे, यात शंका नाही. प्रेफरन्सेसचं झाड लांबलचक आहे आणि नवीन माणूस त्यात अडकतो, वर सांगितलेल्या चार जागा सोडून बाकी फांद्यांना हात लावू नका. इंटरनेटवर फूबार "सुंदर" करायची जी स्किनं आणि कंपोनंट मिळतात ती आपल्या कामाची नाहीत, साधेपणा गेला की वाचणंही जातं. अल्बमचं चित्र शोधून चिकटवायची सोय पण आहे म्हणे, असो, ज्याची त्याची हौस.

"आता स्ट्रीमिंग आहे, फायली कोण ठेवतो" हे मला बरेच जण ऐकवतात. मी पण स्ट्रीमिंग ऐकतो. पण एका मोठ्या अॅपचं अपडेट आलं आणि रातोरात प्लेलिस्टमधली बटणं मुकी झाली, तक्रार केली तर टीमला कळवलंय असं उत्तर. तिथे गाणी आपली नाहीत आणि खिडकीही आपली नाही. फूबारचं जुनं व्हर्जन नीट वाचत असेल तर ते तसंच ठेवायला कुणी अडवत नाही.

इन्स्टॉल करताना पोर्टेबलचा पर्याय घ्या हे मी आवर्जून सांगेन. कॉलम, कळा, ऑटोप्लेलिस्ट सगळं त्या एका फोल्डरात राहतं, एनव्हीडीएची पण पोर्टेबल कॉपी बनते, दोन्ही पेनड्राइव्हवर टाकली की कुणाच्याही विंडोज कॉम्प्युटरवर आपलाच सेटअप. पोर्टेबल एनव्हीडीएत ऑडिओ डकिंग मिळत नाही, पण मला तसंही ते नको होतं.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा त्या प्रेफरन्सेसच्या झाडासाठी कापला. कुणाला कॉलमचा पॅटर्न जमत नसेल तर खाली विचारा, माझा आहे तो टाकतो.