मुलाखत घरून द्यावी की पुण्याला जाऊन?

यवतमाळ किंवा गोंदियाच्या खेड्यातील नवपदवीधर अभियंत्यास ऑनलाइन मुलाखत सोयीची वाटते, कारण गोंदियाहून नागपूर-वर्धामार्गे पुण्याला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसचे आरक्षण, मुक्काम आणि जागरण हे सारे वाचते. मात्र वीज गेली की वायफाय बंद पडते, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बोलताना आवाज तुटला, तर मुलाखत घेणाऱ्याला उमेदवारच अडखळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्ष मुलाखतीत कागदावर बीमचा (तुळईचा) बेंडिंग मोमेंटचा, म्हणजे भाराने ती कुठे किती वाकू पाहते त्याचा, आलेख काढताना झालेली चूक तिथेच दुरुस्त करता येते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कुठे थांबावे हेही कळते. म्हणून स्थापत्य किंवा यंत्र शाखेसाठी प्रवासखर्च मला रास्त वाटतो. सॉफ्टवेअरच्या पहिल्या फेरीसाठी (ती बहुधा गाळणीच असते) तालुक्याच्या गावी, इन्व्हर्टर असलेल्या नातेवाइकांकडची खोली पुरेशी आहे.